पडलेल्या झाडाच्या फळ्या: परवानगीपासून वाळवणीपर्यंत

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्यांत एका दुपारीत माड, पोफळी, आंबे, फणस आडवे झाले. निसर्गसंवर्धनाचं काम करणारे आम्ही आठ-दहा स्वयंसेवक नंतर रस्ते मोकळे करायला गेलो होतो. हातात कोयते, दोर आणि भाड्याने आणलेलं एक कटर. (चेनसॉला गावात सगळे कटरच म्हणतात.) जमेल तसे तुकडे पाडायचे, बाजूला लोटायचे, पुढे जायचं. एका वाडीत सहा फूट घेराचा फणस आम्ही दीड-दीड फुटाचे तुकडे करून वाटेतून काढला. आतलं लाकूड हळद माखल्यासारखं पिवळं. मालकीणबाई पडवीत उभ्या राहून बघत होत्या. शेवटचा तुकडा पडल्यावर म्हणाल्या, "अरे, याची माझ्या घराला दारं झाली असती रे." दीड फुटाच्या तुकड्याचं जळणाशिवाय काहीही होत नाही.

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याकडेने वर सरकलं, तोवर आमच्याकडे कटरला जोडून ओंडक्याच्या फळ्या पाडायची चौकट, म्हणजे मिल, आली होती आणि एक निवृत्त सुतारकाका गळाला लागले होते. तेव्हापासून जे शिकलो ते इथे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: कापणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. लोक मिलचे व्हिडिओ बघून उत्साहाने येतात आणि त्यांना वाटतं, फळी सुटली की काम झालं. आमचं जे लाकूड वाया गेलं त्यातलं फारच थोडं वाकड्या कापामुळे गेलं. बाकीचं गेलं चुकीचं झाड निवडल्यामुळे, उशीर केल्यामुळे आणि थप्पी गबाळी लावल्यामुळे.

आधी ठरवा, हे झाड कापायचंच का

संवर्धनाचं काम करतो म्हणतो, तर हा प्रश्न पहिला. जंगलात पडलेलं झाड वाया गेलेलं नसतं. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात रात्री हिरवट उजेड देणारी बुरशी बघायला माणसं जातात, ती उगवते कुजक्या लाकडावरच. भुंग्यांच्या अळ्या, गोमी, सापसुरळ्या, बेडूक, सगळ्यांचं घर तिथे. देवराईत तर पडलेली काटकीही उचलायची नाही ही बऱ्याच गावांची जुनी रीत आहे, आणि गावाने 'न्या' म्हटलं तरी मी ती मोडणार नाही.

आमचा नियम साधा आहे. रानातलं झाड रानात राहतं. रस्त्यावर, शाळेच्या आवारात, वाडीत, घराच्या छपरावर पडलेलं, म्हणजे नाहीतरी कुणीतरी तोडून जाळणारच असलेलं झाड आम्ही घेतो. त्यातलंही सरळ खोड तेवढंच. मनगटापेक्षा बारीक फांद्या वाडीच्या कडेला ढीग करून ठेवतो. अर्धं मोडून उभं राहिलेलं पोकळ खोड कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर उभंच ठेवा. पिंगळे, तांबट, सुतार पक्षी त्यात राहतात, आणि सुतार पक्ष्याचा हक्क आमच्या सुतारकाकांच्या आधीचा.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. पाच गोष्टी.

वादळानंतर नुकसानभरपाईसाठी पंचनामे होतात. मालकाच्या झाडाचा पंचनामा झाल्याशिवाय त्याला करवत लावायची नाही. आपल्या घाईमुळे एखाद्याची भरपाई बुडाली तर पुढच्या खेपेला गावात पाणीही मिळणार नाही. आधी फोटो काढा, घेर मोजा, तलाठी येऊन गेले का विचारा.

दुसरं, झाडाची जात आणि जागा. खासगी जमिनीवरच्या ठरावीक झाडांना महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो. साग, खैर, चंदन, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, मोह ही त्या यादीतली नावं. शहरात १९७५ चा कायदा आणि पालिकेचं वृक्ष प्राधिकरण. राखीव वनात पडलेलं झाड सरकारचं, अभयारण्यात तर पानालाही हात लावायचा नाही. कांदळवनाचंही तेच.

तिसरं, वाहतूक. लाकूड टेम्पोत चढवण्याआधी वाहतूक परवाना लागतो का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी 'चालतंय की' नाक्यावर चालत नाही.

चौथं, मिल. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात आदेश दिले, तेव्हापासून लाकूड चिरणाऱ्या आरा गिरण्यांवर देशभर कडक नियंत्रण आहे. आपली मिल खांद्यावरून नेता येते म्हणून ती मोजण्यात येत नाही असं गृहीत धरू नका. त्याच कार्यालयात तेही विचारून घ्या. आम्ही अर्जात झाड, जागा, फळ्या कशासाठी आणि विक्री करणार नाही, एवढं लिहितो.

आणि शेवटचं, मालकाशी वाटणी आधी ठरवा. आम्ही निम्म्या फळ्या मालकाला देतो, निम्म्या गावच्या किंवा पायवाटेच्या कामाला ठेवतो. वहीत लिहून दोघांच्या सह्या.

कुठलं लाकूड घ्यावं

फणस मिळाला तर सोडू नका. गाभा पिवळा, हवेत काही महिन्यांत तांबूस-तपकिरी होतो, वाळवी त्याला सहसा लागत नाही, आणि रंध्याखाली लोण्यासारखा जातो. बाहेरचा फिकट थर मात्र कीड खाते, तो काढून टाका.

आंबा सगळ्यात जास्त पडतो आणि सगळ्यात जास्त वाया जातो. लाकूड चांगलं, पण ओलं असताना त्यावर काळी-निळी बुरशी आणि पिठं पाडणारा कीडा फार लवकर चढतात. वादळ जूनमध्ये आलं आणि ओंडका गणपतीपर्यंत चिखलात पडला, तर त्याचा नाद सोडा. दोन-तीन आठवड्यांत फळ्या व्हायला हव्यात. घरातल्या, कोरड्यातल्या वापरासाठीच आंबा.

जांभूळ पाण्यात टिकतं, जुन्या विहिरींत घालत ते उगाच नाही. साकवाच्या खालच्या कामाला उत्तम. पण वाळताना पिळतं आणि तडकतं, त्यामुळे जाड कापा. ऐन, किंजळ कणखर. साखळी बोथट करतात, पण कोकणातल्या जुन्या घरांचे खांब बघितलेत तर का कापायचे ते कळेल. शिवण मिळाली तर सुतारकाकांना फोन करा, ते जेवण टाकून येतात. हलकी, आणि एकदा वाळली की जागची हलत नाही.

मुंबई-पुण्यात पडतात ते बहुतेक गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष. गुलमोहर ठिसूळ आणि लगेच कुजणारा, मी त्यावर पेट्रोल घालणार नाही. पर्जन्यवृक्षाच्या मात्र तीन-तीन फूट रुंद देखण्या फळ्या निघतात. भुसा नाकात झोंबतो, मास्क लावा.

किनाऱ्यावरचा सुरू जळणाला आणि खांबांना ठीक, फळ्या केल्या की फाटतो. माडाची गोष्ट वेगळी: त्याचं कठीण लाकूड बाहेरच्या कड्यात असतं, मधला भाग भुसभुशीत. म्हणून माड फळ्यांसाठी रुंद कापायचा नाही, बाहेरच्या कड्यातून वासे आणि पट्ट्या काढायच्या. साखळी दर दोन कापांना धार मागते. पोफळीला तर मिल लावूच नये. उभी चिरून पन्हळ आणि रिपा करतात, ते कोयत्याचं काम आणि ते गावातल्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं येतं.

एक इशारा. बिबव्याचं झाड ओळखायला शिका. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, आणि कटर तो चीक तुषारासारखा उडवतं. ओळख पटली नाही तर कुणा जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. ताज्या आंब्याचा चीकही काहींना भाजतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

जात ठरली की ओंडका बघायचा. सालीवरच्या रेषा खोडाभोवती जिन्यासारख्या वळत चढत असतील तर ते लाकूड पिळाचं, फळी वाळताना पंख्याच्या पात्यासारखी होते. सात-आठ फूट सरळ लांबी मिळाली तर पुरे. अंदाजासाठी वखारीतलंच गणित वापरा: मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. सहा फूट घेर आणि आठ फूट लांबी असेल तर दीड गुणिले दीड गुणिले आठ, म्हणजे १८ घनफूट. गोल ओंडक्याचं खरं आकारमान जवळपास २३ घनफूट भरतं, हा फरक साल आणि भुशात जातो असं धरून चाला. ओलं आंब्याचं लाकूड घनफुटाला साधारण २५ किलो. म्हणजे हा ओंडका पावणेसहाशे किलोचा आहे. चार जणांनी 'हैशा' म्हणून उचलायच्या फंदात पडू नका.

खोड सुटं करणं

अपघात इथे होतात, मिलवर क्वचित. वाऱ्याने उपटलेल्या झाडाला मुळांचा मोठा गड्डा उभा राहिलेला असतो आणि त्यामागे खड्डा. खोड कापलं की त्याचं वजन जातं आणि तो गड्डा कधी झटक्यात परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात कुणी उभं राहता कामा नये, कुत्रंसुद्धा. खोडाचा पाच-सहा फुटांचा भाग गड्ड्याला तसाच ठेवून पुढे कापा.

मग ताण बघा. खोड दोन्ही टोकांना टेकलंय आणि मध्ये अधांतरी आहे, तर वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. आधी वरून पाव-एक तृतीयांश जाडीपर्यंत, मग खालून वर कापत या. एकच टोक टेकलंय आणि दुसरं हवेत आहे, तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. हे चुकलं की पातं चिमटीत अडकतं किंवा खोड फाटून उसळतं. दुसऱ्या झाडावर अडकलेलं झाड, वीजवाहिनीवर टेकलेलं झाड, वाकून धनुष्य झालेली फांदी, ही तिन्ही कामं स्वयंसेवकाची नाहीत. वीज महावितरणने बंद केली हे त्यांच्या माणसाकडून कानाने ऐकल्याशिवाय जवळ जायचं नाही.

आणि चपला. दरवर्षी कुणीतरी चप्पल घालून कटर चालवायला येतं आणि 'सवय आहे' म्हणतं. सवय साखळीला नसते. पुढे पोलादी टोपी असलेले बूट, मांडीवर साखळी अडवणारं कापड, हेल्मेट, जाळी किंवा चष्मा, कानावर मफ. एवढं नसेल तर त्या दिवशी त्या माणसाने दोर ओढावा.

साहित्य

मिल म्हणजे एक चौकट. कटरचं पातं तिच्यात आडवं पकडायचं, आणि चौकटीच्या दांड्या ओंडक्याच्या वरून घसरत जातात, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची निघते. अलास्कन मिल या नावाने मिळते, चांगला वेल्डर मापं देऊन बनवूनही देतो. बाजारात स्वस्तात मिळणारं ५८ सीसीचं कटर फांद्यांना ठीक आहे, उभ्या रेषेत चिरायला ते तासाभरात तापतं. ७० सीसीच्या खाली जाऊ नका, दोन फुटांहून रुंद ओंडक्याला ९० सीसीच्या आसपासचं मशीन हवं. पात्याच्या लांबीतले चार-पाच इंच चौकटीच्या पकडीत जातात, हेही खरेदी करताना मोजा.

साखळी वेगळी लागते. नेहमीची साखळी लाकूड आडवं कापायला सुमारे ३० अंशात धारलेली असते, उभं चिरायला दात १० अंशांच्या जवळ धारायचे. जुनी साखळी कानशीने हळूहळू त्या कोनात आणता येते, आम्ही तशीच सुरुवात केली. भुशाकडे बघत राहा: लांबसर तंतू पडत असतील तर धार आहे, मैद्यासारखी भुकटी पडायला लागली की थांबा आणि कानस काढा. ढकलून कापणं म्हणजे मशीन जाळणं.

बाकी यादी: पहारी दोन, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पाचरी सात-आठ, दोर, ओळंबा, पाण्याची लेव्हल बॉटल, सुताचा दोरा आणि काव, स्क्रू, गोल कानस, हाताने फिरवायचा मेटल डिटेक्टर. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिली टू-टी ऑइल. साखळीच्या तेलाची टाकी पेट्रोलसोबतच भरा, विसरलात तर पातं निळं पडतं.

मेटल डिटेक्टरला हसू नका. एका शाळेच्या आवारातला आंबा आम्ही कापत होतो. चौथी फळी, छान लयीत चाललेली, आणि एकदम ठिणग्या. साखळीचे अकरा दात गेले. खोड फोडून बघितलं तर आत बोटाएवढी जाड लोखंडी कडी, चार इंच लाकडाने गिळलेली. गावातले आजोबा म्हणाले, "हां, आमची घंटा टांगत तिथे." लोखंडाभोवती लाकूड काळं-निळं झालेलं दिसतं. टोकाच्या कापावर असा डाग दिसला की आत खिळा आहे असं समजा. रस्त्याकडेच्या झाडांचा खालचा पाच-सहा फुटांचा भाग पाट्यांच्या खिळ्यांसाठी आधी तपासा.

पहिला काप

सगळं यावर ठरतं, म्हणून सावकाश.

ओंडका दोन आडव्या वाशांवर, जमिनीपासून फूटभर वर घ्या. हलकासा उतार असेल तर जाड टोक वर ठेवा आणि उताराच्या दिशेने कापत जा, मशीन निम्मं काम स्वतःच्या वजनाने करतं. दोन्ही बाजूंनी पाचरी मारून ओंडका पक्का करा, पायाने ढकलून बघा.

टोकांवर मधला ठिपका शोधा, म्हणजे खोडाचं अगदी केंद्र. एका टोकावर लेव्हल बॉटल धरून त्यातून आडवी रेषा मारा, मग दुसऱ्या टोकावर तशीच. दोन्ही रेषा समपातळीत असल्याच पाहिजेत. इथे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चुकलं तर आठ फुटांवर फळी पीळ घेते आणि पुढची प्रत्येक फळी तोच पीळ वारशाने घेऊन येते.

गोल सालीवर मिल घसरणार नाही, म्हणून पहिल्या कापाला सपाट रूळ द्यावा लागतो. ॲल्युमिनियमची सरळ शिडी सगळ्यात सोपी. ती ओंडक्यावर ठेवून लेव्हल करा, गरज पडेल तिथे खाली लाकडाच्या चिपा घाला आणि स्क्रूने आवळा. आता थांबून मोजा: स्क्रू लाकडात किती खोल गेलाय आणि पातं किती खाली चालणार आहे? दोन्हींत किमान इंचभर अंतर पाहिजे. आमच्यातल्या एकाने हे मोजलं नव्हतं. तो मीच.

ओंडका एका टोकाला निमुळता असेल तर शिडी मधल्या ठिपक्याला समांतर ठेवा, सालीला नाही. दोन्ही टोकांना शिडीपासून ठिपक्यापर्यंतचं अंतर सारखं आलं की झालं.

मशीन पूर्ण वेगात आणा, मगच लाकडाला टेकवा. दोन्ही हात चौकटीवर, कंबर वाकवून नाही तर गुडघ्यातून. ढकलायचं नाही, सोबत चालायचं. पातं फूटभर आत गेलं की साथीदाराने मागच्या फटीत पाचर सरकवावी, नाहीतर वरचा भाग बसून साखळी आवळतो. पुढे दर दोन फुटांवर एक पाचर. धूर तोंडावर येत असेल तर ओंडका नाही, तुमची बाजू बदला. शेवटच्या फुटात वेग कमी करा आणि साथीदाराने चौकटीचं पुढचं टोक सांभाळावं, पातं बाहेर पडताना सगळं वजन एकदम सुटतं. काप संपल्यावर मशीन लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट मंद चालू द्या, तापलेलं इंजिन निवतं.

वीस इंच रुंद, आठ फुटी आंब्याचा एक काप पाच ते दहा मिनिटं घेतो. एका माणसाने सलग दोन कापांहून जास्त करू नयेत. हाताला मुंग्या आल्या की थरथर जास्त झाली, मशीन दुसऱ्याकडे द्या.

पुढच्या फळ्या

शिडी काढली की खाली सपाट पृष्ठभाग मिळालेला असतो, मिल आता त्यावरूनच घसरते. जाडी मनात असलेल्या फळीपेक्षा जास्त ठेवा. वाळताना लाकूड आकसतं आणि रंधा काही खातो, म्हणून १ इंचाच्या, म्हणजे आठ सुती फळीसाठी १० सूत कापा. कटरचा प्रत्येक काप ८ ते १० मिलिमीटर लाकडाचा भुसा करतो, गिरणीतली पट्ट्याची करवत (बँड सॉ) दोन-तीनच. म्हणून पातळ फळ्यांचा हव्यास नको. घासाघीस करून सात पातळ फळ्या काढण्यापेक्षा पाच जाड काढा.

मधला ठिपका फळीत आला की ती मध्यावर फाटणारच. एकतर तो भाग चार इंच चौकोनी तुळईत पूर्ण बंद करा, म्हणजे साकवाला किंवा खांबाला उपयोग होतो, किंवा त्या फळीतून उभी पट्टी कापून टाका. ठिपक्यापासून दूर कापलेल्या फळ्या वाळताना बाहेरच्या, सालीच्या बाजूला वाटीसारख्या वळतात, हे लक्षात ठेवून सुतारकाम करताना बाजू ठरवा. फार रुंद फळीचा मोह मलाही होतो. बाकासाठी अठरा इंचांची एक फळी दिसायला सुरेख, पण नऊ-नऊच्या दोन जास्त सरळ राहतात.

पूर्वी हेच काम दोन माणसं मोठ्या करवतीने करत, एक ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात. काका सांगतात, खालचा माणूस दिवसभर भुसा डोळ्यांत घेत असे म्हणून भाकरी आधी त्याला वाढायची. आमच्याकडे आता साखळीला धार लावणाऱ्याला आधी चहा देतात.

थप्पी

पहिल्या वर्षी आम्ही फळ्या कापून एकावर एक रचल्या, वर ताडपत्री टाकली आणि गावाला गेलो. पंधरा दिवसांनी उघडल्या तर मधल्या फळ्यांना कापसासारखी बुरशी. काका फळीवर टिचकी मारून म्हणाले, "लाकूड मेलं म्हणून गप बसत नाय. त्याला श्वास घ्यायला जागा ठेव."

कापल्या दिवशीच दोन्ही टोकं बंद करा. टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जातं आणि तिथूनच चिरा सुरू होतात. उरलेला ऑइल पेंट जाड थापा, नसेल तर शेण-मातीचा लेप चालतो, फक्त तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. ओंडके लगेच चिरता येत नसतील तर पडल्या दिवशीच त्यांच्या टोकांना लेप द्या.

जागा सावलीची आणि वाऱ्याची. जमिनीपासून दीड फूट वर, चिऱ्यांवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर वासे आडवे टाका, सगळे एका पातळीत. पहिला थर फळ्यांचा, त्यावर आडव्या पट्ट्या, मग पुढचा थर. पट्ट्या इंचभर जाड, कोरड्या आणि सगळ्या एकाच मापाच्या. दीड-दोन फुटांवर एक. खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर, ओळंबा लावल्यासारखी. एक पट्टी चार इंच सरकली की तिथे फळी लाटेसारखी वाकते, आणि ती लाट नंतर कुठल्याच रंध्याने निघत नाही. दोन्ही टोकांना पट्टी टोकाला भिडलेली हवी. वर पत्रा, दोन हात पुढे आलेला, आणि बाजू उघड्या. ताडपत्री गुंडाळायची नाही. पत्र्यावर चिरे ठेवा, वजनाने वरच्या फळ्या सरळ राहतात.

ओली थप्पी पहिल्या महिन्यात उन्हात ठेवलीत तर फळ्या तडकतील. उन्हापेक्षा वारा हवा.

कीड आणि ओल

आंबा, फणसाचा फिकट भाग, पर्जन्यवृक्ष यांना पीठ पाडणारा कीडा लागतो. कापल्या कापल्या, फळी ओली असतानाच, बोरॅक्सचं पाणी द्या: १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स, गरम पाण्यात आधी विरघळवून. जुन्या पत्र्याच्या पन्हळीत फळ्या बुडवून काढा आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवा, म्हणजे ते ओलाव्याबरोबर आत मुरतं. मग थप्पी. हातमोजे घाला, उरलेलं पाणी विहिरीच्या किंवा ओढ्याच्या आसपास ओतू नका. पावसात हे धुऊन जातं, त्यामुळे उघड्यावरच्या कामाला याचा भरवसा धरू नये.

इंचाला एक वर्ष, असं लाकडाच्या वाळवणीचं गणित सांगतात. कोकणात ते निम्मंच खरं. जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते तेव्हा लाकडातली ओल १८-२० टक्क्यांच्या खाली उतरत नाही, कितीही दिवस ठेवा. उलट मेमध्ये वाळलेली फळी पावसाळ्यात पुन्हा पाणी पिते. म्हणून आम्ही जूनमध्ये कापलेलं लाकूड पुढच्या पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये उघडतो. दीड इंचावरच्या फळ्या अजून एक उन्हाळा थांबतात.

लाकडातली ओल मोजायचा मीटर नसला तरी चालतं. थप्पीतली एक फळी नमुना म्हणून ठरवा, टोकाला नंबर टाका, दर रविवारी वजन करा. आमच्याकडे त्यासाठी भाजीवाल्याचा जुना काटा आहे. तीन-चार आठवडे वजन हललं नाही की लाकूड त्या हवेशी जुळलं. आकडाच हवा असेल तर फळीच्या मधून बोटभर रुंद तुकडा कापून वजन करा, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या किंचित वर ठेवून वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ओलं २४० ग्रॅम आणि कोरडं २०० भरलं, तर ४० भागिले २००, म्हणजे २० टक्के. घरातल्या कपाटाला हे जास्त आहे, अंगणातल्या बाकाला चालेल.

थप्पी सोडताना पट्ट्या गोळा करून जुडी बांधून ठेवा, पुढच्या वादळाला त्याच लागतात. पहिल्या कापातून निघालेल्या सालीसकटच्या फळ्याही टाकू नका. साल काढून त्या पायवाटेच्या पायऱ्यांना कडेने लावता येतात, आणि त्यातली सगळ्यात जाड आमच्याकडे उलटी टाकून धार लावायचा बाक झाली आहे.